मेघकोटचं दार

भावजी, तुमच्या तेराव्याला मी चारचौघांत तोंड उघडलं. राग आला असेल तर येऊ द्या, तुमचा राग मला नवा नाही.

झालं असं, की जेवणं आटोपल्यावर मिलमधले तुमचे जुने साथी अंगणात सतरंजीवर टेकले आणि एकेक जण तुमच्याबद्दल बोलू लागला. यादवजी म्हणाले, "सुधाकर भिया जैसा सीधा आदमी पूरी मिल में नहीं हुआ. किसी से दुश्मनी नहीं पाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. माणूस गेला की त्याला धुऊनपुसून देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडे भारी घाई. मला काही ते सहन होईना. मी म्हटलं, "पाली थी. बावीस साल पाली. कालदत्तशी." यादवजींनी हळूच माधुरीला विचारलं, "भाभी, ये कालदत्त कौन? वो ठेकेदार तो नहीं, जिससे झांकी में झगड़ा हुआ था?" आणि तेरा दिवस भिंतीला टेकून बसलेली तुमची बायको तोंडाला पदर लावून हसली. मला तेवढंच हवं होतं.

यादवजींना मग मी सगळं सांगितलं. कालदत्त ठेकेदार नव्हता, हाडामांसाचाही नव्हता. 'मेघकोट' नावाच्या सात खंडांच्या कादंबरीतला तो किल्लेदार. राक्षस, चेटकिणी, उडते घोडे, बोलणारे डोंगर, सगळं असलेली कादंबरी. यादवजी ऐकून म्हणाले, "तो किताब का आदमी? इसके लिए बावीस साल?" मी म्हटलं, हो. आणि अजून निकाल लागलेला नाही.

मी धारहून लग्न होऊन जुन्या इंदुरातल्या तुमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आपलं वाचन आता संपलं. तुमचे दादा वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नव्हते. सासूबाई पोथी सोडून बाकी छापील कागदाला रद्दी म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही, त्यांचा धाकटा मुलगा, मिलच्या टाइम ऑफिसातला नवा कारकून, वाचनालयाचं कार्ड माझ्या पुढ्यात ठेवून म्हणालात, "वहिनी, तुमच्या नावाचं काढलं आहे. पण एक शर्त आहे. आधी मेघकोट वाचायचं, मग बाकीचं." मी म्हटलं, राक्षसांची पुस्तकं मी सातवीत सोडली. तुम्ही म्हणालात, "वाचा तर सही. नाही आवडलं तर माझं नाव बदला." नाव बदलायची वेळ आली नाही. त्या एका कार्डाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतही नव्हती. पण आज मानते. त्या कार्डाने मला या शहरात जागा करून दिली.

वाचनालयाचा नियम असा, की एक खंड पंधरा दिवस. दुसऱ्या कोणी नाव लावून ठेवलं असेल तर पुन्हा मिळायचा नाही. म्हणून तुम्ही आणि मी आळीपाळीने न्यायचो. घरात सासूबाईंसमोर दिराशी वाद घालणं शोभलं नसतं, तेव्हा तुम्ही युक्ती काढली. टाइम ऑफिसातली रद्द झालेली हजेरी कार्डं तुमच्याकडे गठ्ठ्याने होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मत लिहायचं आणि ते पानात ठेवून पुस्तक पुढच्याकडे द्यायचं. एका बाजूला कोणा भागीरथ की रामप्रसादच्या पाळीच्या वेळा, दुसऱ्या बाजूला चेटकीण धूम्रलेखा हिने तीन गावं जाळली ते योग्य की अयोग्य. पुढे पुढे इतर सभासदही आपल्या चिठ्ठ्या त्यात घालू लागले. ग्रंथपाल देवधर एकदा पुस्तक उघडतात तो काय, चिठ्ठ्यांचा पाऊस. ते आधी चिडले आणि मग रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक सुरू केली. "भांडायचंच असेल तर तोंडाने भांडा, पुस्तकाची बांधणी कशाला फाडता?" असं म्हणाले.

पहिल्या बैठकीत मी मागे बायकांत बसले होते. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "कालदत्तची वकील मागे का बसली आहे? वहिनी, पुढे या." मी पुढे आले ती आलेच. पंधरा माणसांसमोर बोलायला मी तिथे शिकले.

कालदत्त. सांगायला सोपी गोष्ट आहे. मेघकोटच्या राजासमोर त्याने शपथ घेतली, की मी जिवंत असेतो हे दार शत्रूला उघडणार नाही. राजपुत्र तेजकेतू मदत आणायला गेला आणि त्याचा पत्ता नाही. वेढा दोन वर्षं चालला. विहिरी आटल्या. पोरं तहानेने मरू लागली. चौथ्या खंडात एका सकाळी कालदत्त एकटा खाली उतरतो, स्वतःच्या हाताने अडसर काढतो आणि दार उघडतो. लोकांना पाणी मिळतं, नगर जातं. आणि नवव्या दिवशी तेजकेतू फौज घेऊन हजर! पाचव्या खंडात तो कालदत्ताला मारतो. कालदत्त तलवार उचलत नाही.

"नऊ दिवस, वहिनी!" तुम्ही दर वेळी टेबलावर हात आपटायचात. "फक्त नऊ दिवस कळ काढली नाही त्याने."

"त्याला कुठे ठाऊक होतं नऊच आहेत ते?"

"म्हणूनच तर शपथ असते ना. ठाऊक असतं तर शपथ कशाला लागते? मतलब, उद्या काय होईल माहीत नाही, म्हणूनच माणूस वचन मागतो."

"आणि नऊ दिवसांत मेलेली पोरं?"

"वाईट झालं असतं. पण त्याच्या भरवशावर सगळे आत होते. ज्याच्या भरवशावर लोक झोपतात त्याने अडसराला हात लावायचा नाही. बस. बात खतम."

बात कधी खतम झाली नाही. मी म्हणायची, तुमचा तेजकेतू मला एका कारणाने आवडत नाही. त्याला भूक लागत नाही, उशीर होत नाही, झाला तरी लेखक त्याला माफ करतो. चुकायची मुभाच नसलेल्या माणसाचं कौतुक कसलं करायचं? तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तुम्हाला बिघडलेले लोकच आवडतात." मग मी धूम्रलेखेचा विषय काढायची. तीन गावं जाळणारी बाई, तिच्या बाजूने तुम्ही पान पान लिहायचात. म्हणे ती खोटं बोलली नाही, जे करायचं ते सांगून केलं. भावजी, ती सुंदर होती म्हणून सुटली. कालदत्ताला पांढरे केस आणि देवीचे व्रण होते. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि माधुरीने मला दुजोरा दिला होता.

आणि ती झांकी! अनंत चतुर्दशीला मिलच्या गणपतीबरोबर देखाव्याची गाडी निघायची. त्या साली कमिटीत तुम्ही होतात. दरवर्षी तेच तेच देव नको, या वेळी मेघकोट करू, असं तुम्ही सगळ्यांना पटवलंत. तेजकेतू तलवार उगारतो, कालदत्त खाली पडतो, वर मोठ्या अक्षरांत 'वचनभंगाचं फळ'. मला जळवायलाच केलंत ते, मला पक्कं ठाऊक आहे. पुतळे मिलच्या सुतारखात्याने केले, हालचालीला जुन्या मागाची मोटर लावली. पण सुतारखात्याचे लोक ना तुमचे, ना माझे. त्यांनी कालदत्ताला चेहरा दिला तो त्यांच्या नुकत्याच वारलेल्या मिस्त्रीचा. आणि ऐन वेळी मोटर अडकली. दिवेलागणीला गाडी फाटकातून बाहेर आली तेव्हा तेजकेतूची तलवार हवेतच थांबलेली, आणि कालदत्त मात्र उघड्या दारात दोन्ही हात वर करून उभा. पडेच ना. रस्त्यावरच्या बायकांना वाटलं, हा कोणी देव असणार. त्यांनी हात जोडले. एकीने फुलं टाकली. मग सगळ्याच टाकायला लागल्या. "बोलो कालदत्त महाराज की जय" असं कोणीतरी ओरडलं. तुम्ही गाडीवर उभे राहून "अरे ये विलन है! विलन है भिया!" असं सांगत होतात आणि ढोलताशांत तुमचा आवाज कोणाला ऐकू जात नव्हता. मी फुटपाथवर हसून हसून खाली बसले होते. तुमचे दादा म्हणाले, "काय झालं? छान तर केलं आहे." मोटरवरून तुम्ही वायरिंगच्या ठेकेदाराशी भांडलात ते यादवजींना अजून आठवतं.

ती मिलची शेवटून दुसरी झांकी.

मिल बंद पडली तेव्हा 'बंद' असं कोणी म्हणालंच नाही. आज वीज नाही, उद्या कापूस नाही, परवा पाळी रद्द. मग एका सोमवारी फाटकाला कुलूप. बाहेर शहरात तर उलटी हवा होती. घरोघरी केबल आली, चौकाचौकांत फोनचे बूथ निघाले, देशाची दारं खुली झाली असं जो तो सांगत होता. आमच्या घरातले दोन्ही कमावते पुरुष मात्र एका बंद फाटकासमोर उभे होते. तिथेच तुम्ही सगळ्यांकडून शपथ घेतलीत. हिशेब घेऊन नोकरी सोडल्याचा अर्ज एकही माणूस देणार नाही, मिल चालू करा नाहीतर कोर्टात भेटू. शपथेचा मजकूर तुम्ही लिहिला होता. तुमच्यामागे पहिल्या रांगेत तुमचे दादा होते. त्यांनीही हात वर केला.

त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही युनियनच्या कचेरीत होतात, घरी मी होते. तुमचे दादा कापड तपासायच्या खात्यात सत्तावीस वर्षं होते. मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघायचे, फाटकासमोरच्या लिंबाखाली बसायचे, डबा खायचे आणि तीनला परत यायचे. घरी येऊन पडद्याच्या कापडावरून बोटं फिरवत बसायचे, कुठे धागा सुटला आहे का बघत. बोलणं कमी होत होत थांबलं. मी एक दिवस डबा भरला नाही, तर ते रिकामाच घेऊन गेले. भावजी, तुम्ही कोर्टाच्या तारखा मोजत होतात. मी ते डबे भरत होते.

मग सांवेर रोडवर ताडपत्रीच्या कारखान्यात तपासनीस हवा आहे असं कळलं. मालकाची एकच अट होती, जुन्या मिलशी संबंध संपल्याचा कागद आणा. मी कोणाला न विचारता मिलच्या कचेरीतून अर्ज आणला. चौकटी चौकटी मीच भरल्या. तुमच्या दादांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सुधाकरला विचारू?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी सही केली. अर्ज मीच टेंपोत बसून देऊन आले.

लग्नानंतर तुम्ही वेगळ्या खोलीत राहायला गेला होतात; दोन दिवसांनी तिथून आमच्या दारात आलात. चपला काढल्या नाहीत. मी आत तांदूळ निवडत होते. तुम्ही म्हणालात, "दादा, तू पण?" मला ओट्यापाशी बसल्या जागेवरून दोघे दिसत होते. तुमच्या दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "हो." एवढंच. तुम्ही गेलात. मी उठले नाही. तांदूळ निवडत राहिले.

तीन वर्षं तुम्ही सख्ख्या भावाशी बोलला नाहीत. गणपतीला आरतीपुरते यायचात आणि प्रसाद माधुरीच्या हातून घ्यायचात. तुमचे दादा कारखान्यातून आले की विचारायचे, "सुधाकर आला होता?" मी नाही म्हणायची. ते पुन्हा जगायला लागले होते, त्यांचा आवाज परत आला होता, आणि त्या आवाजात ते रोज हा एक प्रश्न विचारायचे.

आणि आपल्या चिठ्ठ्या? त्या चालूच होत्या! तुम्ही आलात-गेलात त्याच आठवड्यात चौथा खंड तुमच्या कार्डावर होता. तो परत आला तेव्हा आत चिठ्ठी होती: 'त्याला तहान लागली नव्हती असं मी म्हणत नाही. पण शपथ त्याने एकट्याने घेतली नव्हती. बाकीच्यांचं काय?' मी आठ कार्डं भरून उत्तर दिलं. शपथ माणसासाठी की माणूस शपथेसाठी, जो वेढ्याबाहेर आहे त्याने तहानेवर बोलू नये, काय काय लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार वकीलपत्र होतं ते. देवधरांनी वाचून टाळी दिली. त्या आठ कार्डांत कुठेही 'अर्ज मी भरला' हे तीन शब्दांचं वाक्य नव्हतं.

का नाही लिहिलं? सांगते. रविवारच्या बैठकीत माझा मान होता. तुमच्या नजरेतही होता. वहिनी म्हणजे तत्त्वाची बाई, वहिनी हरेल पण मागे हटणार नाही, असं तुम्ही लोकांना सांगायचात. तो मान मला सोडवेना. तुमच्या दादांनी मला एकदाही म्हटलं नाही, की जा, त्याला खरं सांग. मला तेही सोयीचं पडलं.

शेवटी सगळ्यांनीच अर्ज दिले. एकेक करून, मान खाली घालून. राहता राहिलात तुम्ही. एका सकाळी तुम्ही आपला अर्ज घेऊन आलात आणि दादांसमोर ठेवलात. साक्षीदाराची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावला, सही केली आणि आत वळून मला म्हणाले, "पोहे टाक गं." तुम्ही चपला काढून बसलात. पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून कुरकुरलात. झालं, मिटलं. असं आम्हाला तिघांनाही वाटलं, किंवा आम्ही तसं ठरवलं. पुढे तुम्ही फोनचा बूथ टाकलात, माधुरीने शिवणाचे क्लास काढले, पोरं मोठी झाली. मेघकोट पुन्हा छापली गेली नाही. वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा देवधरांनी सातही खंड माझ्या ओटीत घातले. आपला वाद मात्र नव्यासारखा राहिला.

आता जे तुमच्या तेराव्याला मी बोलले नाही, ते.

तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर मी दर दोन दिवसांनी यायची. त्या सोमवारी तुम्ही म्हणालात, "वहिनी, ते दाराचं पान वाचा." मी वाचलं. अडसर काढेपर्यंत आले आणि तुम्ही हात वर केलात. "बस." मग छताकडे बघत म्हणालात, "दादाच्या अर्जाची कॉपी युनियनमध्ये आली होती. मी बघितली होती."

"मग?"

"मग काय? बारा साल तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. अक्षर नाही ओळखणार का मी? सही दादाची. बाकी सब तुम्ही."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "म्हणजे दारात आलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो ना."

"मग तीन वर्षं त्यांच्याशी कशाला अबोला धरलात? माझ्याशी धरायचा होता!"

तुम्ही हसलात. इतक्या दुखण्यात तुमचं ते तिरकं हसू जसंच्या तसं होतं. "तुमच्याशी धरला असता तर भांडलो कोणाशी असतो? मिल गेली, युनियन फुटली. मेरे पास और था कौन, वहिनी?"

तेवढ्यात माधुरी मोसंबीचा रस घेऊन आली. तिच्यासमोर काय बोलणार? मी म्हटलं, "गुरुवारी येते. मोठं भांडण आहे." तुम्ही म्हणालात, "या. तयारी करून या." तुम्ही बुधवारी गेलात.

मी तयारी केली होती, भावजी. रस्ताभर केली, दोन दिवस केली. तुम्हाला विचारणार होते, की वचनाचे एवढे कैवारी तुम्ही, आणि ज्याचा गुन्हा नाही हे ठाऊक आहे त्याला तीन वर्षं शिक्षा दिलीत? मला पुस्तकासाठी राखून ठेवलंत आणि राग त्यांच्यावर काढलात? आणि तुम्ही लगेच म्हणाला असतात, "तुम्ही तर शेजारच्या खोलीत होतात, वहिनी." तरी मी आले असते. हरायला आले असते. तुमच्याशी हरणं हे दुसऱ्या कोणाशी जिंकण्यापेक्षा मला कायम बरं वाटत आलं. तुमच्यावर माझा राग आहे आणि तुमच्यावाचून मला करमत नाही. दोन्ही खरं आहे. मी कोणतंही एक निवडणार नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे दादा मटार सोलत बसले होते. मी समोर बसले आणि सांगितलं, "भावजींना ठाऊक होतं. अर्ज मी भरला हे. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे वाटीत टाकले. "ठाऊक होतं?"

"हो. माझं अक्षर ओळखलं."

"मला वाटायचं, त्याला माझी लाज वाटते." मग पुढची शेंग उचलत, "तीन वर्षं मी त्याच्या बूथच्या गल्लीतून सायकल नेली नाही. म्हटलं, पोराला अवघडायला नको."

बूथ पुढे आला, भावजी. तेव्हा तिथे तुमची नुसती खोली होती. त्यांच्या डोक्यात आता सगळं एकत्र झालं आहे. मी सुधारलं नाही. मी म्हटलं, "चूक माझी झाली. अर्ज भरला ती नव्हे. तो मी आजही भरीन, उद्याही भरीन. पण तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं." एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, आणि पुरं निघाल्यावर मी रडले. ते म्हणाले, "तुला बाहेर काढून मी काय मिळवलं असतं? तुमचं दोघांचं बरं चाललं होतं." पुन्हा मटार सोलू लागले. मग विचारलं, "तो कालदत्त तरी कोण तुमचा? त्या बाया फुलं टाकत होत्या तोच ना? वाच बघू मला."

पहिले तीन खंड मी तोंडी सांगितले. चौथा वाचायला घेतला. रोज दुपारी चहापर्यंत, पाचसहा पानं. ते डोळे मिटून ऐकतात. मध्येच उडत्या घोड्याला काय खायला घालतात वगैरे विचारतात. काल दाराचं प्रकरण आलं. भावजी, मी जीव ओतून वाचलं. मला वाटलं, बावीस वर्षांचा निकाल आज लागणार. ना तुमचा माणूस, ना माझा, असा पंच आपल्याला कधी मिळालाच नव्हता. अडसर निघाला, दार उघडलं, लोक पाण्याकडे धावले. प्रकरण संपलं. मी पुस्तक मांडीवर ठेवून विचारलं, "बोला. बरोबर की चूक?"

ते म्हणाले, "ते राहू दे. त्याच्या घरी कोण कोण होतं?"

"कोणाच्या?"

"त्याच्याच. बायको, भाऊ, कोणी असेल की नाही? दार उघडून संध्याकाळी घरी गेला असेल ना तो. घरचं कोणी बोललं का त्याच्याशी?"

मी पानं उलटली. चौथ्या खंडाचा शेवट बघितला, उठून पाचवा काढला, त्याची सुरुवात बघितली. कालदत्त दारातून थेट तेजकेतूच्या तलवारीखालीच येतो. मधले नऊ दिवस तो कुठे होता, काय जेवला, कोणाशेजारी झोपला, एक ओळ नाही. आणि आपल्याला ते कधी खटकलंही नाही, भावजी, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. तुमचे दादा माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाही. कोणी नाही बोललं."

त्यांनी मान हलवली. "वाच पुढे," म्हणाले.